वजा करून उरलेलं

३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. (नमस्कार बसूनच, खुर्ची सोडवत नाही.)

जिवाला चैन नाही. हजारो दीर्घिका एकत्र गर्दी करून राहतात, त्या गुच्छातल्या बुटक्या दीर्घिका मी तपासते, हे तुला ठाऊक आहेच. थोरल्यांच्या ओढाताणीत त्या सगळ्या एकसारख्या गुळगुळीत होतात, असं धरून चालतात. मी प्रत्येकीच्या चित्रातून तो गुळगुळीत उजेड वजा केला, तर काहींत सर्पिल हात उरले, एकीत आडवी दांडी! सर म्हणाले, कॅमेऱ्याचे डाग असतील, दुसऱ्या दुर्बिणीची चित्रं येईपर्यंत तोंड उघडू नकोस. डागच निघाले तर सगळी मेहनत पाण्यात. घास उतरत नाही गं.

तुझी माया अशीच राहू दे, अंमळ जास्तच.
शेंडेफळ

१० फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

आधी जेव. तू उपाशी राहिलीस म्हणून चित्रं लवकर येणार नाहीत.

आम्ही तिघी जावा एकाच कापडाचे गाऊन घालतो. परवा ह्यांनी मला पाठमोरी पाहून ‘वहिनी’ म्हणून हाक मारली. सगळे हसले, मला मात्र रडू आलं. लग्नाआधी मी व्हॉलीबॉल खेळायचे, हे इथे कुणाच्या गावीही नाही. महिलांच्या सामन्यांना पंच हव्या आहेत. २३ तारखेच्या रविवारी मैदानावर नाव नोंदवायचंय, पण पाऊल उचलत नाही. तुझ्या रीतीनं माझ्यातून हे घर वजा केलं, तर काही उरेल का गं? खरं सांग.

लोभ आहेच, पण जेवलीस तर वाढेल.
आई

१६ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. (या वेळी उभी राहून.)

चित्रं आली! दोन दीर्घिकांचे हात डागच निघाले, ते मीच खोडले. बाकीच्यांचे जागच्या जागी आहेत. सर चष्मा पुसून पुसून बघत होते. म्हणजे हात होतेच, वरच्या उजेडात दिसत नव्हते एवढंच.

आणि तुझं म्हणशील, तर वरच्या फळीवरचा डबा तू अजून स्टूल न घेता उडी मारून काढतेस. मला वजाबाकी कशाला लागते? रविवारी जा.

तुझ्याच लोभावर उड्या मारणारी,
शेंडेफळ

२४ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

गेले. नाव नोंदवलं, शिट्टीही मिळाली. घरी कुणी काही विचारीना, म्हणून जेवताना जोरात फुंकली. सगळे हातातला घास तसाच धरून थांबले. मग ह्यांनी, किती वर्षांनी कोण जाणे, मला माझ्या नावानं हाक मारली.

आई