नुसता वास असतो, ताई

प्रिय ऋतुराज,

फोन बंद ठेवून काय होणार आहे रे? मार तुझ्या तोंडाला लागलाय, डोळ्यांना नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच.

शाळेत व्यसनमुक्तीचं काम माझ्याकडं आहे, तुला माहीतच आहे. प्रार्थनेनंतर शपथ मीच देते, दप्तरंही मीच तपासते. ताई, तू तर शाळेतली हवालदारीण झालीस, म्हणून तू चिडवायचास. गेल्या आठवड्यात नववीतल्या प्रेरणाच्या कंपासपेटीत एक वेप सापडला, ती निकोटीनची वाफ ओढायची नळी. दिसायला अगदी हायलायटर, टोपण काढलं की आंब्याचा वास. पोरगी हुशार, घरी कळलं की सोडेल असं मला वाटलं. म्हणून तिच्या बापाला बोलावून घेतलं.

तो हेडसरांच्या केबिनमध्ये आला, ती वस्तू हातात धरून बघितली आणि एक शब्द न विचारता त्यानं पोरीची वेणी पकडली. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं. हेडसर खुर्चीत बसून नुसते ‘अहो, अहो’ करत होते. मी मध्ये पडले तर पट्ट्याचं बक्कल माझ्या कोपरावर बसलं. मग त्यानं तिचा हात पिरगाळला आणि हाड मोडल्याचा आवाज आला, वाळकी तुराटी मोडावी तसा. तेव्हा ती किंचाळली, ‘‘मॅडमच्या भावाच्या दुकानातून घेतलंय, पप्पा!’’

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मारणारा बापसुद्धा थांबून माझ्याकडंच बघत होता.

तिला दवाखान्यात पोचवून मी तडक उस्मानपुऱ्यात तुझ्या दुकानावर आले. मोबाइलच्या कव्हरांमागं तसल्याच नळ्यांचा खोका होताच. शाळेच्या लेकरांना विकतोस का, असं मी विचारलं आणि तू हसलास. ‘‘नुसता वास असतो, ताई. पोरं लई खूश असतात,’’ म्हणालास. माझ्या हातात हेल्मेट होतं. आधी काउंटरची काच फुटली की तुझा ओठ, आठवत नाही. तू खाली पडलास तरी मी हाणतच होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मला मागून आवळून धरलं तेव्हा थांबले. खोटं कशाला बोलू, मारताना मला बरं वाटत होतं. घरी आल्यावर मात्र भाकरी थापता येईना. तुझं ते रक्ताळलेलं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही, ऋतू.

प्रेरणाच्या कपाळाला टाके आहेत, हात प्लास्टरमध्ये आहे. त्या नळीवाचून तिला झोप येत नाही, चिडते, आईला बोचकारते. मला म्हणाली, दुकानातला दादा तर सांगत होता, यात काहीच नसतं. बापाविरुद्ध मी जबाब दिला. तो जामिनावर सुटला. तुझ्याविरुद्धही दिला. तेव्हापासून आईचे रडून रडून फोन येतात, सख्ख्या भावाचं नाव मागं घे म्हणते, तिनं स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीय. ती शपथ मी पाळणार नाही. लेकरं माझ्या भरवशावर शाळेत येतात रे.

हे सगळं तुला माहीत नसेल असं नाही. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. काल संध्याकाळी प्रेरणाचा बाप चार माणसं घेऊन माझ्या दारात आला. हातात गज होते. तुझा भाऊ कुठंय, एवढंच विचारत होता. माहीत नाही म्हणाले, आणि तेव्हा ते खरंही होतं. आज सकाळी मुक्ताआत्या औषध न्यायला आली आणि चहा पिता पिता विचारून बसली, ओठाला टाके असले तर रव्याची खीर किती पातळ करायची गं? बिचारीला खोटं वागता येत नाही. म्हणजे तू चितेगावला तिच्याच घरी आहेस. मला एका कपात कळलं, त्यांना कळायला किती वेळ लागेल? तिच्याच हाती हे पत्र देतेय. उद्या दहा वाजता पोलीस स्टेशनला ये, मी बाहेर उभी असेन. माल तुला कोण देतं ते सांग. हेल्मेटचं मी माझ्या तोंडानं सांगेन, माझं काय व्हायचं ते होऊ दे. तू आला नाहीस तर अकराला पोलिसांना तुझा पत्ता मीच देणार. तिथं कोठडी आहे, पण दाराला पहारा तरी आहे. ये रे बाळा. त्या माणसाचा हात पोटच्या पोरीवर थांबला नव्हता.

तुझीच,
दीपमालाताई