खाणीतला फ्रीज

२ मे
धाटावच्या कंपनीतून रिटायर झालो, आता विज्ञानाला वाहून घेणार. गागोद्याच्या वाटेवरच्या जुन्या खडीच्या खाणीत पाणी तुडुंब, त्यात मी सोडलेले कटले मासे. चौदाला पोरीची, अपेक्षाची हळद. जेवणाला मासा माझ्याच खाणीतला, असं भावकीत जाहीर केलं. वडखळच्या मटणवाल्याची ऑर्डर रद्द.

३ मे
यूट्यूबवर ज्ञान मिळालं. उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर होतात. वर गरम, खाली थंड. वारा वरचं पाणी पलीकडच्या काठाला ढकलतो, तसं अलीकडे खालचं थंड पाणी वर येतं. वारा पडला तरी आतले थर हेलकावत राहतात, वरून पत्ता लागत नाही. म्हणजे खाली फुकटचा फ्रीज, आणि वारा त्याचं दार उघडं टाकतो! व्हिडिओ अर्धाच पाहिला. पुढचं माझ्या लक्षात आलंच होतं.

४ मे
वारा अडवायला मांडवासाठी आणलेली हिरवी जाळी खाणीभोवती बांबूंना बांधली. हौसा म्हणाली, आता मांडवाला काय तुमची लुंगी लावू? बायकोशी विज्ञान बोलू नये.

७ मे
पाणी आरशासारखं. उद्यापासून पहाटे चालायला जाणार.

८ मे
पाय दुखतो.

१० मे, सकाळ
मासे वर येऊन तोंडं उघडतात. मला ओळखायला लागले. अपेक्षा म्हणाली, बाबा, त्यांना श्वास नाय मिळत, जाळी काढा. म्हटलं, तू मेंदीचं बघ गो.

१३ मे, दुपार
सोसाट्याचा वारा. जाळी उडाली. अलीकडच्या काठाला खालचं काळं पाणी वर आलं. सडक्या अंड्यांचा वास.

१४ मे, सकाळ
सगळे कटले पोट वर करून तरंगतायत. उरलेला व्हिडिओ पाहिला. रोजचा वारा थर हलवतो, म्हणून खाली थोडीथोडी हवा मिसळते. वारा अडला की खालचं पाणी नासतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? मटणवाल्याने बकरे दुसऱ्या हळदीला दिले.

१५ मे
काल हळदीला वालाचं बिरडं. भावकी मान खाली घालून जेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उष्टी हळद घेऊन आलेल्या सासरच्या बायकांना अपेक्षाने सांगितलं, बाबांचा नवस हाय, म्हणून यंदा मासा-मटण नाय. पोरीने माझी लाज राखली, पण मला आधी सांगितलं नाही. तोवर मी त्यांच्यासोबत आलेल्या व्याह्यांना खाणीवर नेऊन, नाकाला रुमाल लावून सगळे थर समजावले होते.
परत आल्यावर नवसाचं त्यांच्याही कानावर गेलं. माझ्याकडे बघत म्हणाले, पोर गुणाची हाय. तुमच्यावर नाय गेली.