देवीच्या मुलाची सोयरीक

पारोळा, श्रावण १९८८

चि. शैलजास,
अनेक आशीर्वाद.

वाल्मीकशी तुझा विवाह ठरला. निष्कर्ष आधी सांगतो, कारण तू तिकडे शिरपूरला जीव मुठीत धरून बसली असशील.

गावाचे म्हणणे तुला ठाऊक आहे. वाल्मीक नवसाने झालेला, कानबाई देवीला वाहिलेला, म्हणून अर्धा देव. त्याने माणसाच्या मुलीशी लग्न केल्यास देवी कोपेल. काल कानबाईच्या रोटांच्या प्रसादाला सगळे जमले, तेव्हा मी रीतसर युक्तिवाद केला. आपण खुद्द कानबाईचे लग्न लावतो, मग तिच्या मुलाला ते निषिद्ध कसे?

"नाना, हे कॉलेजात चालतं," विरोधात सर्वांत पुढे असलेले आधारभाऊ म्हणाले. सगळे हसले.

एवढ्यात वाल्मीकच्या आईच्या, लिलाबाईंच्या, अंगात देवी आली. त्या घुमू लागल्या.

"वाल्मीक मना पोऱ्या शे. माले सून नको का?"

देवीच सून मागते म्हटल्यावर कोणी हसले नाही. आधारभाऊंनीच आधी हात जोडले.

साक्षीदाराचा हितसंबंध असेल तर साक्ष तपासावी, हे मी आयुष्यभर शिकवले. तशी शंका काढायला मी उठलोही. तेवढ्यात घुमता घुमता लिलाबाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले. मी पुढे झालो आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

हे पत्र टपालात टाकणार नाही, माझ्यापाशीच ठेवीन. वाल्मीक आज एस.टी.ने तुझ्याकडे येतोच आहे, बातमी तोच सांगेल. शिवाय देवी खरी होती का, हे तू विचारशील, आणि तुझ्या सासूविरुद्ध मी काहीही लेखी देणार नाही.

पूर्ण निश्चिंत,
तुझे आजोबा