खा. मी इथंच बसलोय

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
फायनल! रोह्याच्या बालमहोत्सवात माझं इन्स्टॉलेशन. आयोजक मॅडमचा होकार आला. विषय : लहानपणी न आवडलेलं जेवण. पंधरा वर्षं हमरापूरच्या आमच्या कारखान्यात गणपती रंगवले. आता माझी स्वतःची कला.
कन्सेप्ट : पाच फुटी चेहरा, चाकांवर. समोर पोर उभं राहिलं की सेन्सर लागणार, तोंड उघडणार, चेहरा म्हणणार, खा! मग पोरांनी कापडी कारली, कापडी वाल त्याच्या तोंडात फेकून मारायचे. सूड, पण खेळकर.
प्रेरणा : अण्णा, म्हणजे माझे वडील. मला कडव्या वालाचं बिरडं आवडत नसे. आमच्या भागात हा गुन्हाच. ताट संपेपर्यंत अण्णा समोर बसून राहायचे, गप्प.
माझ्या पोरीच्या, सुरभीच्या बाबतीत मी असलं काही करत नाही. मी समोर बसत नाही. बाजूला बसतो.

६ फेब्रुवारी
चेहरा साच्यातून छान निघाला. संकल्प : रोज एक तास साउंडचं काम. आज जमलं नाही. सुरभीचं जेवण लांबलं. दोडका. एक तास वीस मिनिटं. एकदाही ओरडलो नाही. सात वर्षांच्या पोरीला पेशन्सनंच घ्यावं लागतं.

९ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग. अण्णांना मोबाइलमध्ये 'खा' म्हणायला सांगितलं. नाय म्हणाले. मी कधी तोंडानं बोललोच नाय, म्हणाले. शेवटी मीच अ‍ॅक्टिंग केली. 'खा. मी इथंच बसलोय.' एका टेकमध्ये ओके. पिंकीनं विचारलं, एवढ्या लगेच कसं जमलं हो? बायकोला कलेतलं काय कळणार.
गंमत म्हणजे आवाज ऐकून सुरभी अंगणातून आत आली आणि जाऊन पाटावर बसली. दुपारचे चार वाजले होते.

१४ फेब्रुवारी
आमच्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. बाकी सगळं काम संपल्यावर. डोळे आधी उघडले तर ते आपल्याला काम करताना बघत राहतात, असं अण्णांचं म्हणणं. अंधश्रद्धा. मला टेस्टिंगला एक्स्प्रेशन हवंय. आजच आखा म्हटलं.
कोणाचे आखू, म्हणाले. म्हटलं, ज्याला बघून पोराचा घास घशात अडकेल, त्याचे. तुम्हाला माहीतच आहे कोण.
अण्णा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग ब्रश उचलला. स्वतःचे डोळे, पण आरसासुद्धा मागितला नाही. हाताला सवय.

१५ फेब्रुवारी
हिट! जो येतो तो आधी चेहऱ्याकडे बघतो, मग माझ्याकडे. कलावंताला मान मिळतो तो असा.
कारखान्यात मूर्तींचं घासकाम करणाऱ्या भागीनं डबा उचलला आणि उन्हात जाऊन जेवली. त्याच्यासमोर भाकर गिळवत नाय म्हणाली. म्हणजे कलाकृती बोलते. मॅडमना मेसेज केला.

१९ फेब्रुवारी
सकाळी चेहरा भिंतीकडे वळलेला. तिसऱ्यांदा. भागी म्हणते, मी नाय केलं. अण्णांनी मान वर केली नाही. खाली सांडलेल्या घासकामाच्या भुकटीत छोटी पावलं होती. मांजर असणार. परत सरळ केला.

२३ फेब्रुवारी
उपक्रमाचा पहिला फायदा घरातच. सुरभी आता पाच मिनिटांत ताट साफ करते. चावत नाही, पण ते शिकेल.
शाळेतल्या बाईंनी पिंकीला बोलावलं होतं. डबा तसाच गिळते आणि मग ओकते म्हणे. वजनही उतरलंय. पिंकी म्हणाली, चार दिवस तिच्याजवळ नका बसू. म्हटलं, महोत्सव झाला की बघू. लागलेली सवय मोडायला नको.

२ मार्च, रविवार. संध्याकाळी ६
टेक्निकल प्रॉब्लेम. डोकं शांत ठेवून लिहितो.
रोह्याला जाताना गडब गावात टेम्पोवाल्यानं चहाला गाडी थांबवली आणि चेहऱ्यावर ताडपत्री टाकली. आरशात सारखा दिसतोय म्हणाला.
रोह्यात चाळीस पोरं जमली. ताडपत्री काढली. एकही हसलं नाही. खा, मी इथंच बसलोय. कोणी काही फेकेना. शेवटी मी सुरभीला पुढे ढकललं. तिच्या हातात कापडी वाल होता. सेन्सर अडकला. खा, मी इथंच बसलोय. खा, मी इथंच बसलोय.
सुरभीनं वाल स्वतःच्या तोंडात कोंबला आणि चावायला लागली. कापड, आतला कापूस, सगळं. डोळ्यांतून पाणी, नजर चेहऱ्यावर. मी ओरडलो, थुंक! तर ती जोरजोरात गिळायला लागली. तोच आवाज ना.
पिंकीनं वायर उपटली. अण्णांनी पोरीच्या घशात बोट घालून कापूस ओढून काढला.
नंतर अण्णा माझ्याशेजारी येऊन बसले. ते डोळे तुझे हायत, जितेश, म्हणाले. मी समोर बसायचो तवा तूपण असाच चावायचास. मला तवा कळलं नाय. चुकलं माझं.
तीस वर्षं हे ऐकायचं होतं. ऐकलं, आणि मान वर करवेना.

९ मार्च, रविवार. दुपारी १.३०
सुरभीला घेऊन पिंकी निडीला माहेरी गेली, त्याला आज आठवडा झाला. फोन केला. पिंकी म्हणाली, आत्ताच पंगत बसलीये. वालाचं बिरडं आहे. सुरभीनं दोनदा मागून घेतलं. सांडतेय, गप्पा मारतेय, पाऊण तास जेवतेय. कोणी बघतसुद्धा नाही तिच्याकडे.
म्हटलं, पुढच्या रविवारी येऊ का? जेवणाच्या आधी निघेन.
सुरभीला विचारते, म्हणाली.
मागून तिची बडबड ऐकू येत होती. पिंकीनं विचारलं आणि ती थांबली.