बाजूला काढलेली मूठ

त्लांगसांग, मिझोराम
१४ नोव्हेंबर १९९६

लाडक्या मापुईस,

तुझं पत्र शनिवारी जीपवाल्याने आणून दिलं. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण ते दुखणं काही आजचं नाही. मांडवावर इस्कूटची फळं इतकी लागली आहेत की डुकरंसुद्धा ती खाऊन कंटाळली. शिलाँगला थंडी सुरू झाली असेल, रात्रपाळीला जाताना कान बांधत जा.

तू पत्रात एकच प्रश्न विचारला आहेस. त्याचं उत्तर देते, पण आधी मला राग काढू दे. इथे तो कुणापुढे काढता येत नाही. सगळं गाव माझी स्तुती करत सुटलंय, आणि स्तुती करणाऱ्याच्या अंगावर ओरडायचं तरी कसं?

लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ मी देवाच्या डब्यात टाकते. सगळ्याच बायका टाकतात म्हण, पण त्या विसरतात. मी विसरले नाही. तू झालीस त्या सकाळी कळा येत असताना मूठ काढली आणि मग आडवी झाले, हे तू शंभरदा ऐकलंयस. तुझा बाप त्या चंफायच्या बाईकडे निघून गेला, तू सहा वर्षांची होतीस, त्या दिवशीही काढली. शिवाय दर शनिवारी घरोघर फिरून देवळासाठी तो तांदूळ गोळा करणारी मीच.

आणि तुझ्या बापाने, त्या दार्झिकाने, काय केलं? एकवीस वर्षं तोंड दाखवलं नाही. ऑगस्टमध्ये एक पिशवी आणि छातीत खोकला घेऊन दारात उभा राहिला. मी आत घेतलं. अंग पुसलं, पेज भरवली. पाळकसाहेब आले, खाटेशेजारी बसले, त्यांनी विचारलं, "प्रभूवर स्वतःला सोपवता का?" हा म्हणाला, "हो." बस्स, एवढंच. तोंडातून एक शब्द काढायचा, त्यालासुद्धा मध्ये खोकला आला.

गेल्या महिन्यात त्याला पुरलं त्या दिवशी पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आपला भाऊ आज प्रभूच्या घरी आहे. दाखवायला त्याच्याजवळ एकही चांगलं काम नव्हतं, आणि त्याला ते लागलंही नाही." लोक आमेन म्हणाले. पोरांनी ढोल काढला, तीन रात्री आपल्या घरात दुखवट्याची गाणी चालली. शेजारची झुआली डोळे पुसत होती. हीच त्याला पंधरा वर्षं 'चंफायचा बोकड' म्हणायची.

मी विचारलं, "झुआली, तुझा बोकड कुठे गेला गं?"

"गेलेल्या माणसाला असं बोलू नये, मापुईच्या आई."

"जिवंतपणी चालतं वाटतं."

चौथ्या दिवशी सकाळी मी देवाचा डबा उचलला आणि होता नव्हता तो तांदूळ माझ्याच पातेल्यात ओतला. हो, देवाचा तांदूळ शिजवला. तेवढ्यात पाळकसाहेब विचारपूस करायला आले. त्यांना बसवलं, मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मटण वाढलं, भात दोनदा वाढला. हात धुऊन झाल्यावर सांगितलं, "साहेब, तुम्ही आत्ता देवळाचा तांदूळ खाल्लात."

त्यांनी रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "चांगला शिजला होता."

"थट्टा करू नका. प्रभूच्या घरात जायला काहीच लागत नसेल, तर मी तीस वर्षं मुठी कशाला काढल्या?"

"ते तिकीट नव्हतं, मापुईच्या आई."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"अहो, अकरा वर्षं दर रविवारी सांगतोय. तुम्ही पहिल्याच बाकावर बसता."

असा संताप आला मला. त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आता तुझा प्रश्न. "बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का?" मापुई, मला माहीत नाही. आणि माहीत नाही ही माझीच करणी आहे.

तो गेला त्या सकाळी मी चुलीपाशी होते. त्याने हाक मारली, "मापुईच्या आई, इकडे ये. पोरीला एक सांगायचंय." मला स्वच्छ ऐकू आलं. मुठीत तांदूळ होता. मी म्हटलं, "देवाची मूठ काढतेय, थांब." मूठ डब्यात टाकली. मग तांदूळ धुतले, परत धुतले, चूल फुंकली. मनात म्हटलं, मी एकवीस वर्षं थांबले, थांबू दे त्याला थोडं. दुसरी हाक आली तेव्हा मी पातेलं आपटलं. आत गेले तेव्हा तो दाराकडे तोंड करून होता, आणि संपलं होतं. तुझ्यासाठी जे काही होतं ते त्याच्याबरोबर गेलं.

गावाला सांगितलं, मी मूठ काढत होते तेव्हा तो झोपेत गेला. झुआली माझं कौतुक करत सगळीकडे सांगत फिरते की नवरा जात होता तेव्हाही थुआमी देवाची मूठ काढत होती. म्हणून तो डबा मी रिकामा केला. मला तो डोळ्यांसमोर नको होता.

पाळकसाहेबांना हे सांगितलं नाही. त्यांनी लगेच क्षमा वाढली असती, सगळ्यांना वाढतात तशी. पण तो निरोप त्यांचा नव्हता, तुझा होता. इथे वर चार ओळी खोडलेल्या दिसतील. तुला एकटीने कसं वाढवलं, तुझ्या शिक्षणासाठी किती रात्री मागावर बसले, ते लिहिलं होतं. ते आता पुढे करायचं नाही.

मला माफ कर. बदल्यात द्यायला माझ्याजवळ काही नाही. हे तीन शब्द लिहायला मला चार आठवडे लागले, आणि तुझ्या बापाला ते "हो" खोकल्याच्या उबळीत जमलं, याचा राग अजून गेलेला नाही.

रिकाम्या मुठीने,
तुझी आई