इंजिनाच्या मागच्या चार तारा

बाबा, तुमच्या विमानाबद्दल आज लिहिते आहे. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, गावोगावच्या सभांतून बोलत होते, आणि चांद्याच्या आरागिरणीमागच्या शेडमध्ये तुम्ही सागाच्या पट्ट्या आणि लढाईच्या मोडीतलं इंजिन घेऊन विमान जोडत होता. बोल्टच्या डोक्याला भोक पाडायचं, तार ओवून पिळायची, पुढच्या बोल्टला अडकवायची; सभा नसेल त्या दिवशी मीही तारा बांधायला बसायचे. तारेची ओढ बोल्ट आवळण्याकडेच हवी. "उलटी बांधली तं तार असूनई बोल्ट ढिला होईल, न मी खाली येईन," तुम्ही म्हणायचात. ते ऐकल्यापासून मी प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागले. गिरणीच्या मालकाला शेड परत हवी होती. त्याची माणसं दारावरून हसत गेली तरी मला त्यात कट दिसायचा.

उड्डाणाच्या आदल्या सकाळी तुम्ही आरसा धरून इंजिनाची मागची बाजू तपासता आहात. चार तारा उलट्या. तुम्ही त्या कापता, आणि काही बोलायच्या आत मी गिरणीच्या फाटकाशी पोचते. शेडची किल्ली रखवालदाराकडे, त्याचा पगार मालकाकडून. मला एवढं पुरे होतं. करवती थांबतात, माणसं जमतात, मी गरजत सुटते. रखवालदार म्हणतो, "बाई, मले तं विमानाचं तोंड कोनतं न शेपूट कोनतं तेई समजत नाई. मी काऊन तार बांधू?" कोणी हसतं. त्या हसणाऱ्यालाही मी कटात ओढते. शेवटी रखवालदाराने किल्ली फाटकाला अडकवली आणि तो वैनगंगेकाठच्या आपल्या गावी निघून गेला.

जेवताना तुम्ही एवढंच म्हणालात, "मांगून बांधताना बोल्टचं डोकं दिसत नाई. उलटसुलट होते, पोरी." मी मनाला बजावलं, यांचे डोळे अधू झालेत, चूक यांचीच, म्हणून रखवालदाराला पाठीशी घालतात. दुसऱ्या दिवशी विमान धानाच्या बांध्यांवरून एक फेरी मारून नीट उतरलं. त्यानंतर तुम्ही दोनदा त्याच्या गावी गेलात. तो परत आला नाही.

हे मी कुठेही धाडणार नाही, म्हणून लिहवतं आहे. तुम्ही कापलेली एक तार पुरावा म्हणून मी फाटकाशी नेली होती. लोकांना दाखवायला ती उंच धरली, तेव्हा तिचा पीळ नेहमीच्या उलट दिसला. शेडमध्ये डावखुरी मी एकटीच होते. भाषण निम्म्यावर आलं होतं, लोक ऐकत होते. मी मूठ मिटली आणि बोलत राहिले.