पाच लिटर आगळाचं वजन

बाई, गेल्या आठवड्यात रत्नागिरीतल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, मालक आणि आचाऱ्यासमोर मी तोंडी गणित केलं आणि ते बरोबर आलं. तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही दोन दिवस वाटत नव्हतं. सहावीत तुम्ही माझ्या वहीत एवढा मोठा भोपळा काढला होतात, तीच मी. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, पण त्या दिवशी घरी येताना मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी अशी बसले होते की कुणाला वाटावं निवडणूक जिंकून आले.

तुम्ही घाटावरच्या. आमच्या शाळेत आलात तेव्हा तुमचं बोलणं ऐकून आम्ही पोरं बाकांखाली तोंड घालून हसायचो आणि तुम्हाला आमचं हेल काढलेलं बोलणं कळायचं नाही. पण मोजमापाचा धडा आला आणि आमचं हसणं बंद झालं. शाळेच्या वाटेला जांभ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. त्यांच्यावर तुम्ही खडूने वरून खाली लिहिलंत, किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली. पायऱ्या जास्त होत्या, त्या खालच्या तशाच सोडून दिल्यात. मग प्रत्येकाला किलोवर उभं करायचं आणि ओरडायचं, "उतर सेंटीवर!" दर पायरीला दहाने गुणत उतरायचं, वर चढताना दहाने भागायचं. फेब्रुवारीतच जांभा असा तापायचा की अनवाणी पोरं गुणाकार कमी आणि उड्या जास्त करायची. मी उतरताना बरोबर उतरायचे आणि चढताना हमखास चुकायचे. भागायचं तिथे गुणायचे. माझ्या हिशोबाने आमच्या घरापासून विहीर मुंबईच्या पलीकडे होती.

आणि तुमचा तो राग! उत्तर बरोबर असलं तरी पुढे एकक लिहिलं नाही की तुम्ही वही उचलून सगळ्या वर्गाला दाखवायचात. मी एकदा नुसतं 'पंचवीस' लिहिलं होतं. "पंचवीस काय? शेळ्या?" असं विचारलंत तुम्ही, आणि मग वर्षभर पोरं मला शेळी म्हणून हाक मारत होती. मी तुमच्यावर जाम चिडले होते. आईला सांगितलं की बाई माझ्यावर डूख धरून आहेत, मी शाळेत जाणार नाही. आई म्हणाली बरं, उद्यापासून भाताची कणगी साफ करायला घे. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने शाळेत गेले.

त्याच आठवड्यात तुम्ही मला शाळा सुटल्यावर खोलीवर बोलावलंत. मला वाटलं, आता घरी नेऊन बडवणार. तुमची ती भाड्याची खोली, एका कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीवर दोन फळ्या, आणि जमिनीवर वाण्याच्या दुकानातून मागून आणलेला तराजू. तुम्ही आधी चहा केलात. मग लिटरच्या मापाने एका पातेल्यात पाणी ओतलंत, दुसऱ्यात खोबरेल, तिसऱ्यात काकवी. अख्खं लिटरभर खोबरेल आणि अख्खी लिटरभर काकवी, तुमच्या पगारात! तेव्हा मला एवढंच कळलं की काकवी चाटायला मिळणार. तुम्ही विचारलंत, तिन्ही लिटर लिटर आहेत, वजन किती? मी ठोकून दिलं, किलो, किलो, किलो. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. म्हणालात, तोलून बघ.

पाणी किलोभर भरलं. मी मान ताठ केली. खोबरेलाच्या वेळी किलोचं वजन टाकलं तर तेलाचं पारडं वरच राहिलं, खाली येईचना. वजनं बदलत बदलत नऊशेवीस ग्रॅमवर आलो. आणि काकवीला किलो पुरेना, त्यावर आणखी चारशे ग्रॅम टाकावे लागले. मी तराजूच्या दोरीकडे बघितलं, गाठ सुटली की काय म्हणून. तेव्हा तुम्ही बोललात ते वाक्य मला अजून तुमच्या घाटी हेलासकट ऐकू येतं. "पाणी किलोभर भरतंय म्हणून सगळ्यांनी भरावं असं कुठाय? लिटर जागा सांगतो, किलो भार सांगतो. दोघांची गाठ घालायची तर आधी विचार, आत काय आहे." मग काकवी मला डब्यात भरून दिलीत. घरी आईने विचारलं, बाई डूख धरून आहेत ना? मी भाकरीला काकवी लावून खाल्ली.

त्यानंतर तुमची बदली झाली. पुढे कधीतरी कुणी सांगितलं की तुम्ही गेलात. मी तेव्हा सासरी, मूल बांधावर झोपलेलं, भातलावणीचा चिखल पायाला. दोन घटका उभी राहिले आणि पुन्हा वाकले. त्याहून जास्त काही करता आलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. आमचा बायकांचा बचतगट आहे, आम्ही कोकमाचं आगळ करतो. उन्हाळ्यात रातांबे फोडायचे, मिठात घालायचे, रस सुटला की गाळून पिंपात भरायचा आणि पिंपातून पांढऱ्या प्लास्टिकच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये. पूर्वी लिटरच्या मापाने भरायचो. पाच वेळा माप बुडवा, निथळवा, ओता, आणि मिठाने नि आंबटाने हाताची सालं निघायची. म्हणून यंदा मी हट्ट करून इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायला लावला. रिकामा कॅन ठेवायचा, बटण दाबून शून्य करायचं, नळ सोडायचा, पाच आले की बंद. अर्ध्या वेळात काम. थोरल्या जाऊबाई आधी नाक मुरडत होत्या, नंतर त्याच सगळ्यांना सांगत फिरल्या की यंदाचे रातांबे भलतेच रसाळ, दरवर्षीपेक्षा किती कॅन जास्त भरले बघा. आम्ही सगळ्या खूश. शहाण्या कुठच्या!

मग त्या हॉटेलच्या मालकांचा फोन आला. आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक हो ते. बंदराच्या बाजूला मासे-भाताचं हॉटेल, रोज पातेलंभर सोलकढी लागते. म्हणाले, आचाऱ्याने मोजून बघितलं, पाच लिटरच्या कॅनमधून सव्वाचार लिटरही निघत नाही. "ताई, तुमच्या मापात खोट आहे. कॅन घेऊन जा." आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. बाई, आमच्यात एक विधवा आहे, एकीचा नवरा मुंबईला जाऊन परत फिरकला नाही. या आगळावर त्या पहिल्यांदा घरात मान वर करून बोलायला लागल्यात. आणि रत्नागिरीचा बाजार केवढा? एकाने खोटं माप म्हटलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. मग आमचं आगळ कुत्रं विचारणार नाही.

जाऊबाईंनी भरलेला कॅन उचलून काट्यावर आदळला. रिकाम्या कॅनचं वजन सोडून बरोबर पाच. दुसरा ठेवला, पाच. तिसरा, पाच. "अगो, काटा काय खोटा बोलतो? तो आचारीच ढापत असेल. लाव फोन, मी बोलते त्याच्याशी." माझंही टाळकं सरकलं होतं. मी फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि काट्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले. पाच. पाच काय?

काट्यावर पाच किलो होते, आणि आम्ही कॅनवर लिहिलं होतं पाच लिटर.

मी फोन ठेवून दिला. जुनं लिटरचं माप शोधून काढलं, कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. रिकाम्या कॅनमध्ये पाच मापं पाणी ओतलं. पाच किलो, वर दोन ग्रॅम. कॅन कोरडा केला आणि पाच मापं आगळ ओतलं. बाई, चौथ्या मापाला थोडं सांडलं, ते पुन्हा पहिल्यापासून केलं. आकडा वर वर जात राहिला आणि थांबला पाच किलो नऊशे ग्रॅमवर. एवढं मीठ घातलेलं, आगळ जड असणारच. पाच किलोवर नळ बंद केला की पाऊण लिटर पिंपातच राहणार. रातांबे रसाळ कसले डोंबलाचे, कॅनच अर्धपोटी भरत होतो आम्ही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि खोटं का बोलू, त्याच क्षणी आतून आनंदही झाला. चूक मला सापडली होती, दुसऱ्या कुणाला नाही.

जाऊबाईंनी विचारलं, "म्हणजे आपण चोर?" मी म्हटलं, नाय वहिनी, चोर नाय, चुकलो. त्यांना ते काही केल्या पटेना. लिटर म्हणजे किलो हे त्या माहेरापासून धरून चालल्या होत्या, दूध तसंच, तेल तसंच. मग मी गोडं तेल आणलं, लिटर मोजलं आणि काट्यावर ठेवलं. किलो भरलं नाही. त्यांनी तेल स्वतः पुन्हा एकदा तोललं, पदर खोचला आणि म्हणाल्या, सांग आता काय करायचं ते. दुपारभर आम्ही शेडमधला प्रत्येक कॅन पुन्हा काट्यावर चढवला आणि वरून नऊशे नऊशे ग्रॅम भरत गेलो. पिंपं संपली तेव्हा काही भरलेले कॅन फोडून दुसऱ्यात ओतले. जास्तीचे म्हणून मिरवलेले सगळे कॅन त्यात गेले आणि कुणीही कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो करून मी आणि जाऊबाई हॉटेलवर गेलो. मालकांना वाटलं कॅन न्यायला आलो. मी म्हटलं, तुमचं म्हणणं खरं आहे, आमचे कॅन कमी भरले आहेत. किती कमी ते तुमच्यासमोर सांगते, मग ठरवा. मासे तोलायचा त्यांचाच काटा, आचाऱ्याचंच लिटरचं माप. एक लिटर आगळ तोललं, एक किलो एकशेऐंशी ग्रॅम. मग आधी पाठवलेला, सील न फोडलेला एक कॅन समोर ठेवला आणि म्हटलं, यात पाच किलो आहे. चार लिटरांचे झाले चार किलो सातशेवीस ग्रॅम. उरले दोनशेऐंशी ग्रॅम, त्याला भागिले एक पूर्णांक अठरा. मी डोळे मिटले. आचारी सुरमई कापायचा थांबला. जाऊबाईंनी माझा पदर मागून घट्ट धरला होता. "चार लिटर," मी म्हटलं, "आणि वर दोनशे सदतीस मिलिलिटर."

मग कॅन फोडला. आचारी ओततो आहे, मालक मोजताहेत. एक, दोन, तीन, चार. उरलेलं त्याने आखणी असलेल्या मापात ओतलं आणि ते माप मालकांनी डोळ्यांसमोर धरलं. अडीचशेच्या रेघेच्या जरा खाली. पुन्हा डोळ्याजवळ नेलं, पुन्हा बघितलं. म्हणाले, कमाल आहे. जाऊबाईंनी हातात धरलेल्या माझ्या पदरानेच स्वतःचे डोळे पुसले. टेम्पोतून आणलेल्या आगळाने त्यांचे सगळे कॅन तिथल्या तिथे पुरे करून दिले. मालकांनी आम्हाला बसवून जेवायला घातलं आणि पावसाळ्यापर्यंतचं आगळ आमच्याकडूनच घेणार म्हणून सांगितलं. शेजारच्या खानावळीच्या मालकिणीला हाक मारून म्हणाले, "आगळ घ्यायचं तर यांच्याकडचं घ्या, माप पक्कं आहे." बाई, हे वाक्य मी मनात किती वेळा घोळवलं असेल.

आता शेडच्या भिंतीवर मी ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय की दर पिंपाला आधी एक लिटर तोलायचा, कारण मीठ कमीजास्त झालं की वजन बदलतं. परवा बाजूच्या गावातल्या गटाने बोलावलं, तुम्ही कसं करता ते सांगा म्हणून. मी गेले. खडू हातात घेतला, आणि एकीने नुसता आकडा सांगितला तेव्हा माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते तुम्हाला सांगायला नको. ती बिचारी लाल झाली. मग मी तिला चहा पाजला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. तुमच्या गावचा पत्ता मला कधी माहीतच नव्हता, आणि असता तरी आता दारात येऊन ते घेणारं कोण आहे? लिहावंसं वाटलं, लिहिलं. फक्त एक राहिलंय. जेवताना मालकांनी विचारलं होतं, "ताई, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, जाऊबाईसुद्धा. आणि मी म्हटलं, "कुणी नाही. येतं मला."